रेषेबाहेरचा पाय

जनूदादा भोईर यांनी सामना विकला, असं पळस्प्यापासून ओव्यापर्यंत अजूनही काही लोक बोलतात. माझ्या कानावर आलं की मी भांडते. चहाच्या टपरीवर भांडले आहे, हळदीच्या मांडवात भांडले आहे, एकदा शेअर रिक्षात भांडून अर्ध्या वाटेत उतरले आहे. दादांना जाऊन आता वर्ष होईल. सकाळी अंगणात बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. त्या दिवशी जमलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी एकच वाक्य उच्चारलं, "पूर्वी वजन किती होतं पण!" माणूस उचलायला आले होते आणि वजन करून गेले.

दादांनी मला हे लिहू दिलं नव्हतं. "मी जित्ता हाय तवर नको," असं म्हणाले होते. म्हणून आता लिहिते.

खांदा कॉलनीत आमच्या इमारतीच्या मागे एक मैदान आहे. मैदान म्हणजे काय, दोन सोसायट्यांच्या मधला मातीचा तुकडा. नकाशात तिथे बाग आहे. त्या मातीत रोज संध्याकाळी दादा खांदा गावातल्या पोरांना कबड्डी शिकवायचे. आखणी स्वतः करायचे. तळाला भोकं पाडलेला एक जुना डालड्याचा डबा होता, त्यात चुन्याची पूड. कंबरेतून वाकता येत नव्हतं, म्हणून त्या डब्याला त्यांनी बांबू बांधून घेतला होता. एवढा मोठा माणूस बांबू धरून संथपणे चालतोय आणि मागे सरळ पांढरी रेषा उमटत येतेय, हे मी आमच्या गॅलरीतून कितीदा पाहिलंय. रेषा पुरी झाली की पोरांना सांगायचे, "आता हितनं आत मी कुनाचा काका नाय, मामा नाय, शेजारी नाय."

आणि नव्हतेच. एकदा उरणकडच्या स्पर्धेत पंच असताना त्यांनी स्वतःच्या पोराला, नितीनला, शेवटच्या चढाईत बाद दिलं. टाच रेषेवर टेकली होती. प्रेक्षकांपैकी कोणाला दिसली नव्हती, समोरच्या संघालाही दिसली नव्हती. दादांना दिसली. घरी आल्यावर कमळाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताटात नुसता भात वाढला.

"कालवन?" दादांनी विचारलं.

"पंचाला सुकाच."

"आउट होता गो तो."

"आउट होता त होता. पोरगा माजा हाय."

दादांनी तो भात मिठाबरोबर खाल्ला. हा किस्सा काकीच हसत हसत सांगायच्या आणि सांगताना नवऱ्याकडे असं बघायच्या की ऐकणाऱ्याने मान वळवावी.

नव्या पंचांना शिकवताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दिसलं ते सांगायचं. वाटलं ते घरी जाऊन बायकोला सांगायचं." जिल्ह्यातले तरुण पंच एकमेकांना भेटले की हे वाक्य म्हणून टाळी द्यायचे.

तरुणपणी दादा कोपरारक्षक होते आणि काडीसारखे होते, असं सांगतात. मी तो काळ पाहिलेला नाही. गुडघा मोडला, खेळ सुटला, तळोज्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसले आणि बसलेच. पाळ्या बदलत राहिल्या, जेवणाची वेळ राहिली नाही, गोड चहा दर तासाला. मी ओळखायला लागले तेव्हा वजन सव्वाशेच्या पुढे होतं. ते स्वतःवर पहिला विनोद स्वतःच करून टाकायचे. पनवेल स्टेशनहून शेअर रिक्षात बसताना रिक्षावाल्याने तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "माज्या दोन सीटा धर रे, तिसऱ्या सीटवर एखादी बारीक बघून घे." सगळे हसायचे. हसणाऱ्यांना वाटायचं, किती मोकळा माणूस. पण लग्नात, सभेत ते कायम उभे असायचे. मी म्हटलं, "दादा, बसा की." म्हणाले, "बरं हाय असं. सगलं दिसतं." प्लास्टिकच्या खुर्चीला ते घाबरायचे हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. कुठेही गेले की आधी ओटा, कठडा, लाकडी बाक शोधायचे.

आता माझ्याबद्दल जेवढं सांगणं भाग आहे तेवढं. मी पत्रकं लिहिते. आमचा आठ-दहा जणांचा गट आहे, आरोग्यावर काम करतो, सरकारी दवाखान्यात औषधं का नाहीत म्हणून ओरडतो. दादा मला "पत्रकवाली" म्हणायचे. एका वर्षी आम्ही लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढली. "पोट घटवा, रोग हटवा" असं पत्रक मी लिहिलं. वर चित्र होतं, घामाघूम झालेला एक जाडा माणूस, गळ्यात शिट्टी. चित्र माझ्या मित्राने काढलं, शिट्टी मी सांगितली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला ते फार मार्मिक वाटलं होतं. यावर मला दुसरं काही म्हणायचं नाही.

दादांनी ते बघितलं. माझ्याकडून गठ्ठा मागून घेतला आणि रविवारच्या सामन्याला आलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने वाटला. "घ्या घ्या, माजा फोटू छापलाय." संध्याकाळी एक प्रत घेऊन आमच्या फाटकाशी आले. पत्रक नाकासमोर धरून, मान थोडी खाली-वर करत, सगळं वाचलेलं होतं.

"यात साखर हाय. रक्तदाब हाय. गुडघा हाय, कालीज हाय. डोला नाय?"

"डोळ्याचा काय संबंध, दादा?"

"मना काय ठाव. लिवतेस तू."

मी हसले. "पोटाचा आणि डोळ्याचा संबंध एवढाच, की पोट आडवं आलं की पाय दिसत नाहीत." तेही हसले. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. जाताना फाटकाच्या खांबाला खांदा लागला.

त्या दिवसांत ते आदळायला लागले होते. उंबऱ्याला ठेचकाळायचे. दाराच्या चौकटीला दंड घासायचे. काकींनी खाली ठेवलेला पाण्याचा तांब्या लाथाडायचे. बाजारात बाजूने येणाऱ्या माणसाला धडकायचे. आणि या प्रत्येक गोष्टीचं उत्तर आम्हा सगळ्यांकडे तयार होतं. जाडा माणूस आहे, आदळणारच. काकी म्हणायच्या, "दार ल्हान नाय झालं, तुमी मोटे झालात." पोरं म्हणायची, "दादा, हॉर्न लावा." कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की जिना उतरताना पायरी सापडत नाही. डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं, वजन कमी करा. डोकं जड राहतं, वजन कमी करा. चष्म्याच्या दुकानात गेले, तिथे नंबर बदलून दिला. आठ महिन्यांनी परत गेले, परत बदलून दिला. समोरच्या पाटीवरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत त्यांना वाचता येत होती, मग डोळ्यात काय बिघाड असणार? डोळ्याच्या आतला दाब एकानेही मोजला नाही. त्यांच्या शरीराकडे बघितलं की प्रत्येकाला रोग आधीच दिसायचा, मग आणखी शोधायची गरज उरायची नाही.

त्या 'प्रत्येका'त मी आहे. आमच्या गटाने शाळेच्या हॉलमध्ये नेत्रतपासणी शिबिर घेतलं. दादा आले. म्हणजे त्यांना शंका होतीच. रांग लांब होती, ते नेहमीसारखे उभे होते. मीच म्हटलं, "दादा, बसा ना, किती वेळ उभे राहणार," आणि पांढरी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. नको नको म्हणाले. मी आग्रह केला. ते बसले आणि खुर्चीचे मागचे दोन पाय फाकून मोडले.

हॉल हसला. मीही हसले. वाईट हेतूने नाही, हसू आलं. दादाही खाली बसल्या बसल्याच म्हणाले, "खुर्ची आउट!" चौघांनी धरून उठवलं. पँट झाडली, सगळ्यांना हात केला आणि निघून गेले. तपासणी न करता. कोणी हाक मारली नाही. संध्याकाळी आम्ही यादी पूर्ण करायला बसलो तेव्हा त्यांच्या नावासमोर 'अनुपस्थित' असं लिहिलं गेलं. अक्षर माझं आहे.

खरं सांगायचं तर ते थांबले असते तरी उपयोग नव्हता. दाब मोजायचं यंत्र आमच्या शिबिरात आणलेलंच नव्हतं. आम्ही मोतीबिंदू शोधत होतो आणि चष्मे वाटत होतो, कारण त्यांचे फोटो चांगले येतात.

मग तो सामना आला.

दिवाळीनंतरची स्पर्धा, अंतिम सामना, पळस्पे विरुद्ध ओवे. ओवे ही दादांची सासुरवाडी. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दोन्ही संघांनी पंच म्हणून दादांचंच नाव दिलं होतं, कारण दादा म्हणजे दादा. उन्हं उतरली होती, अजून दिवे लावलेले नव्हते. शेवटची चढाई. पळस्पे एका गुणाने मागे. चढाईला रोशन, पळस्प्याचा हुकमी खेळाडू, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. तो दादांच्या बाजूच्या कोपऱ्यात घुसला. ओव्याच्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, बाकीचे येऊन पडले, रोशन दाबला गेला. पण घोटा धरायच्या आधीच त्या कोपरारक्षकाचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला होता. म्हणजे तो स्वतःच बाद. गुण रोशनचा, बरोबरी, पुढे जादा वेळ. रोशन दबलेल्या ढिगाऱ्यातून हात वर करून ओरडत होता, "पाय! दादा, पाय!"

दादांनी शिट्टी वाजवली आणि रोशनला बाद दिलं.

मी तिथे होते. मला पाय दिसला होता. माझ्या शेजारच्या बाईला दिसला होता. तो पाय दादांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर पडला होता. दुसरा पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याच्या आणि त्या पायाच्या मधे पाच माणसं होती. सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, दादांकडे आला, खाली आवाजात म्हणाला, "जनूदादा, नक्की?" दादा म्हणाले, "मना दिसलं ते मी सांगितलं." जिल्ह्यात त्यापुढे कोणी विचारत नसे. निकाल लागला.

दहा मिनिटांत त्या क्षणाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. पाय, रेषा, आणि रेषेपलीकडे दादांचे बूट, एकाच चौकटीत. "पायाशी घडलं आनि दिसला नाय?" "पोट आडवं आलं आसंल!" "पोट नाय रं, सासुरवाडी आडवी आली." "जावयाने मान राकला!" कोणीतरी मातीचं ढेकूळ मारलं. ते दादांच्या पाठीवर फुटलं. दादांनी वळून पाहिलं नाही. ज्याने पोराला बाद दिलं त्या माणसाला एका संध्याकाळीत लोकांनी चोर ठरवलं, आणि ठरवताना कोणाला पोराची टाच आठवली नाही.

पुढच्या रविवारी मैदानावर आखणी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हती. मी घरी गेले. दादा अंगणातल्या ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालत गेले, अगदी हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिले. त्यांना कळलं नाही. मी आहे हे त्यांना काकींनी सांगितलं तेव्हा मान पूर्ण वळवून, टॉर्च फिरवावा तशी नजर फिरवत त्यांनी मला शोधलं. मी आरोग्यावर पत्रकं लिहिणारी बाई आणि मला हे तेव्हा दिसलं.

पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. काकीही आल्या. डोळा तपासायच्या यंत्राला हनुवटी टेकवायची असते. दादांची हनुवटी तिथवर पोचेना, टेबल पोटाला अडत होतं. तंत्रज्ञ मुलगी म्हणत होती, "काका, पुढे या. अजून पुढे. अजून." दादा श्वास कोंडून, टेबलाची कड पोटात रुतवून, पुढे वाकून राहिले. लाल झाले. ती म्हणाली, "श्वास रोखू नका, प्रेशर चुकीचं येईल." दादा हळूच म्हणाले, "श्वास सोडला की मी मागं येतंय गो." मग डॉक्टर स्वतः उठून हातात धरायचं यंत्र घेऊन आले. ते कपाटातच होतं. एवढे महिने ते कुठल्या ना कुठल्या कपाटातच असणार.

नंतर एक तपासणी असते. एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. इकडेतिकडे बारीक उजेड लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मुलीने समजावलं, "दिसलं तरच दाबायचं हं काका. अंदाजाने नाही." दादा म्हणाले, "त्ये मना नको शिकवू." कंटाळवाणी तपासणी असते, लोक घाबरून उगीचच बटण दाबत सुटतात, आणि यंत्र अधूनमधून मुद्दाम उजेड न दाखवता थांबतं, माणूस खोटं दाबतो का ते बघायला. दादांचा कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांच्या वर्तुळांत कडेपासून आतपर्यंत काळं, म्हणजे न दिसलेलं, डाव्यात जास्त, खालच्या बाजूला तर सगळंच, आणि मधोमध लिंबाएवढी पांढरी जागा. त्या मुलीने कागदाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि आश्चर्याने म्हणाली, "काकांनी एकदाही खोटं दाबलं नाही. असा रिपोर्ट क्वचित येतो."

तो कागद पळस्प्याच्या नाक्यावर मोठा करून लावायला हवा होता. माझ्या मनात त्या क्षणी तेवढंच होतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. काकी म्हणाल्या, "मग ऑपरेशन करून टाका. माजं केलंत तसं, दुसऱ्या दिवशी मी सुईत दोरा घातला."

"काकू, तुमचा मोतीबिंदू होता. तुमची काच गढूळ झाली होती, आम्ही ती बदलली. यांचा काचबिंदू आहे. यांच्या डोळ्याची मेंदूकडे जाणारी वायर जळलीय. ती बदलता येत नाही. उरलीय ती वाचवायची. थेंब घालायचे, रोज, आयुष्यभर. गरज पडली तर प्रेशर कमी करायला ऑपरेशनही करू, पण गेलेली नजर त्याने परत येणार नाही."

मी विचारलं, वजनामुळे का? डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "एकट्या वजनामुळे असं मी सांगणार नाही. बारीक माणसांनाही होतो, आणि बऱ्याच जाड माणसांना कधीच होत नाही. पण जड शरीरात डोळ्याचं प्रेशर जास्त सापडतं. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तिथल्या नसांवर भार येतो असं मानतात. त्यात साखर, ब्लड प्रेशर याच अंगात येऊन बसतात. यांच्या घरात कोणाला होतं?"

दादा म्हणाले, "आई शेवटी भिंत चाचपत चालायची. म्हातारपन म्हनून सोडून दिलं."

"बघा. म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका होता. असा माणूस समोर आला की कोणीही आधी प्रेशर मोजायला हवं होतं."

हवं होतं. मी माझ्या पत्रकात साखर लिहिली, गुडघा लिहिला. डोळा विचारला तर विनोद केला.

बाहेरच्या बाकावर आम्ही औषधांची वाट बघत बसलो. बाक लोखंडी होता, भक्कम. मी तावातावाने बोलत होते, उद्याच पत्रक काढते, रिपोर्ट छापते, व्हिडिओ फिरवणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मारते, तुमच्यावरचा डाग धुऊन काढते. दादांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "नको."

"का?"

"मना ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"दिसत नाय ते. वर्स झालं आसंल. कडंचं जात चाललंय, कलत होतं. तुज्या कागदात म्हनून तर डोला शोधला. मी मान जास्ती फिरवायला लागलो. पोरांना वाटायचं दादा लय बारीक लक्ष ठेवतंय." हसले. "पन शिट्टी सोडली नाय. सोडायला पायजे होती."

"दादा, तो आजार आहे. तुमचा काय दोष?"

"डोला गेला त्यो आजार. दिसत नसताना शिट्टी धरली ती लबाडी. त्या पोरानं पाय पाय वरडून सांगितला, मी बोललो मना दिसलं ते सांगितलं. मना काय दिसलं व्हतं? काय बी नाय."

"मग सोडली का नाही?"

यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी नंतर अनेकदा अनेक माणसांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं आहे, रस्त्यात, दवाखान्यात, रिक्षात. म्हणाले, "मैदानात मी पंच होतो, पोरी. भायेर नुसता जाडा."

काकी औषधं घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या दादांच्या चष्म्याची काच पदराने पुसत राहिल्या. ती आधीच स्वच्छ होती.

त्यानंतर दादांचं वजन उतरायला लागलं. थेंब चालू होते, तरी मधली उरलेली नजरही आक्रसत, धूसर होत चालली होती; भात कमी झाला, साखर बंद झाली, आणि मला वाटतं बरंच काही मनानेच खाल्लं. गालफडं आत गेली, सदरे लोंबायला लागले. काकींच्या खांद्यावर हात ठेवून सकाळी मैदानाभोवती चालायचे. आणि लोक! ज्यांनी चोर ठरवलं होतं ते थांबून अभिनंदन करायचे. "वा दादा, बारीक झालात! एकदम फिट!" "काय डाएट केलंत, आमाला बी सांगा." डोळे जात चाललेल्या माणसाला लोक शाबासकी देत होते. दादा आवाजाच्या दिशेला मान वळवून म्हणायचे, "व्हय, बरं वाटतंय." मी बरोबर असले तर माझे दात करकरायचे. एकदा मी एकाला तिथल्या तिथे सुनावलं की त्यांना दिसत नाही, कळतंय का तुम्हाला. तो निघून गेल्यावर दादा रागावले. माझ्यावर एकदाच रागावले, तेव्हाच. "तुना सांगितलंय ना नको म्हनून. माजं मी बगतंय."

ते काय बघणार होते ते मला चैत्रात कळलं. सकाळी नऊला फोन आला, "पत्रकवाली, मोकली हायस? पलस्प्याला जायचंय." काकींना सांगितलेलं नव्हतं. रिक्षा करून गेलो. वाटेत दादा एकच गोष्ट बोलले, "तू मधे बोलायचं नाय."

रोशनचं घर हमरस्त्यापासून आत, गल्लीच्या शेवटी. अंगणात एका बाजूला त्याची मोटरसायकल उभी, दुसऱ्या बाजूला तो नळाशी बसून कपडे धूत होता. आम्हाला बघून त्याची आई दारात आली.

"या पंचसायब. आज हिकडं कसं? सासुरवाडीचा रस्ता चुकलात?"

"आई, गप," रोशन म्हणाला. तो उठला, हात पँटला पुसले, पण पुढे आला नाही.

दादांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. दोन पावलं पुढे गेले, चाचपून एक पाऊल, मग दुसरं. अंग बरंच उतरलं होतं, तरी उभं राहायची ढब मैदानातलीच होती, पाय फाकवून, मान ताठ. हात जोडले. आणि मोटरसायकलकडे तोंड करून बोलायला लागले.

"रोशन, मना त्यो पाय दिसला नाय. माजा डोला गेलाय. पन त्यो जातोय हे मना आधीपासून ठाव होतं आनि तरी मी शिट्टी धरली. तू आउट नवतास. गुण तुजा होता. ह्ये मी सगल्या लोकांत बोलायला पायजे, त्ये बी बोलंन, पन आधी तुज्याम्होरं…"

रोशन डावीकडे नळाशी उभा होता. दादा रिकाम्या मोटरसायकलला हात जोडून बोलत होते. त्याची आई दाराची चौकट धरून थिजली होती. मला राहवेना. मी म्हणणार होते, दादा, तो तिकडे आहे. तोंड उघडलंही होतं.

रोशनने माझ्याकडे बघून तळहात वर केला. थांब.

मग ओल्या फरशीवर पावलाचा आवाज होऊ न देता तो अंगण ओलांडून आला, मोटरसायकलच्या पुढे, दादा जिथे बघत होते बरोबर तिथे येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "बोला, दादा. आयकतोय मी."